चहाची सवय नसलेल्या बायका

मी मूळची कोल्हापूरची, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे गोमती नगरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली म्हणून लखनौला आले आणि एसी बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीत नोकरीला लागले. काम असं, की सुटे भाग लांबून मागवण्याऐवजी इथल्याच लहान कारखानदारांकडून घ्यायचे, त्यांना त्यासाठी तयार करायचं आणि त्यांच्याकडे कामगारांना माणसासारखं वागवतात ना, हेही बघायचं.

अमौसीच्या बाजूला अशीच एक शेड होती. एसीच्या आत जाणाऱ्या वायरी मापानं कापून, टोकांना क्लिपा बसवून त्यांचे जुडगे बांधायचं काम तिथे चालायचं. टेबलांवर सगळ्या बायका, कटिंग आणि पॅकिंगला थोडे पुरुष. मालक वरच्याच मजल्यावर राहायचे. माणूस अतिशय अदबशीर. मी आत शिरले की खुर्ची पुसून पुढे यायची, मग चहा, मग बिस्किटं, मग पुन्हा चहा. मालही उत्तम होता. नाकं मुरडायला टपलेल्या आमच्या इंजिनियरांनाही त्यात खोट काढता आली नव्हती. आता कायमची मंजुरी मिळणार की नाही, ते माझ्या तपासणीवर होतं.

मे महिना होता, पत्र्याखाली जीव नकोसा झाला होता. चहावाला आला. पुरुषांनी ग्लास उचलले. बायकांच्या टेबलाकडे तो वळलासुद्धा नाही. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंना सगळ्याजणी बाजी, म्हणजे ताई, म्हणायच्या. त्यांना मी विचारलं, "बाजी, आप चाय नहीं लेंगी?"

"आदत नहीं है, दीदी."

शेजारणीला विचारलं, तिलाही सवय नव्हती. तिच्या पलीकडचीलाही नव्हती. अख्ख्या लखनौतल्या चहाची सवय नसलेल्या बायका नेमक्या याच शेडमध्ये कशा काय गोळा झाल्या? त्या उकाड्यात एकीच्याही टेबलावर पाण्याची बाटली नव्हती.

माझे मात्र दोन चहा झाले होते. टॉयलेट कुठे आहे, म्हणून विचारलं तर मालक लगबगीनं म्हणाले, "ऊपर आइए मैडम, घर में." मागच्या खेपेलाही मी वरच गेले होते. नवा साबण, धुतलेला टॉवेल. माझ्या आधी आलेले तपासणारेही वरच जाऊन आले असणार. पाहुण्याला कुणी शेडमधलं दाखवतं का! कुठे पाणी मुरतंय ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"नहीं," मी म्हटलं, "जहाँ ये लोग जाती हैं, वहीं जाऊँगी."

बाजी मला मागे घेऊन गेल्या. एकच संडास, तो पुरुष वापरायचे. दाराला कडी नाही, आत वायरींची रिकामी रिळं रचलेली. बायका सकाळी येत त्या संध्याकाळी घरी जाईपर्यंत तशाच राहत. बाजींना लघवीला जळजळ व्हायची. डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगत होते. "पिएँ तो जाएँ कहाँ?" बाजी खाली मान घालून म्हणाल्या. माझ्या डोक्यात सणक गेली.

ऑफिसात साहेब शांतपणे म्हणाले, "फेल कर दीजिए, बात ख़त्म. बाहर का वेंडर तैयार बैठा है." नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. पण त्या नियमानं आमचे हात स्वच्छ राहिले असते आणि बाजी घरी बसल्या असत्या. त्यांच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. आणि पास केलं असतं तर त्यांची जळजळ चालूच राहिली असती. नापासही करणार नाही नि सहीही करणार नाही, मला महिनाअखेरपर्यंत मुदत द्या, असं म्हणून मी त्यांच्यासमोर बसून राहिले. शेवटी साहेबांनी हात टेकले.

बायकांसाठी वेगळा संडास, आतून कडी आणि नळाला पाणी हवं, असं मी मालकांना सांगितलं. ते "बिल्कुल, मैडम" म्हणाले. पुढच्या खेपेला गेले तर मिस्त्री "बस, आने ही वाला" होता. तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले.

"मम्मा, फिर लड़ने जा रही हो?" सकाळी लेकीनं विचारलं.

"नाही गं, चहा न प्यायला."

शेडमध्ये ट्रे पुढे आला, मी हात जोडले. "जब तक बाजी नहीं पिएँगी, मैं भी नहीं." मालकांनी ते हसण्यावारी नेलं. मी दिवसभर तिथेच काम करत बसले, पाण्याचा घोटही घेतला नाही. नंतर गेले तेव्हाही तेच. घशाला कोरड पडली, डोकं ठणकायला लागलं, आणि या बायका हे रोज सोसतात या विचारानं मला त्या माणसाची भयंकर चीड आली. त्यांचाही चेहरा पडला होता. लखनौच्या माणसाला एक वेळ चार शब्द सुनावलेले चालतील, पण दारातून पाहुणा कोरड्या तोंडानं गेलेला सोसवत नाही.

त्या संध्याकाळी मालकीणबाईच जिना उतरून आल्या. शेडमध्ये त्या कधी येत नसत. "हमारे यहाँ की चाय में ऐसी क्या कमी है?" त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"इनसे पूछिए," मी म्हटलं.

बाजी आधी चुळबुळल्या, मग सगळं बोलल्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. "जब तक यहाँ नहीं बनता, सब ऊपर जाएँगी."

मालकांच्या बैठकीच्या खोलीतून दिवसभर बायकांची ये-जा सुरू झाली, आणि इतके दिवस न सापडणारा मिस्त्री दुसऱ्याच दिवशी सापडला.

महिनाअखेरीला गेले तेव्हा नवं दार लागलं होतं. आतली कडी मी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला. मग बायकांच्या टेबलाशी येऊन बसले आणि तिथेच सही केली. चहावाला आला, या वेळी आधी आमच्याकडे. बाजींनी ग्लास घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"भैया, चीनी कम है. और अदरक डालना भूल गए क्या?"

चहा खरंच पुळकवणी होता. मी तो सगळाच्या सगळा प्यायले.