निडीच्या आंब्यावरची केशरी फुलं

फाल्गुनात कोकणात जायचं तर आंब्याच्या बागेत, असं माझं ठाम मत आहे. समुद्र बघायला अख्खं जग जातं. त्यामुळे निडीहून नसीमभाभींचा फोन आला, "शनिवारी झाडं साफ करायला घेतलीत, येतेस काय गो?" तेव्हा मी पुढचं ऐकायच्या आधीच हो म्हटलं. भाभी पूर्वी पनवेलला आमच्या शेजारी राहायच्या. सासरे गेल्यावर बाग सांभाळायला गावी गेल्या. त्यांचे मिस्टर इम्तियाजभाई कुवेतला असतात, चार वर्षांत घरी आलेले नाहीत.

एसटीने पेण गाठलं. स्टँडजवळ मिसळ खाल्ली, भाभींसाठी पोह्याचे पापड घेतले. तिथून निडीला रेल्वेने जाता येतं, पण गाड्या मोजक्या, वेळ बघून निघा. मी अर्थातच पापडांच्या नादात गाडी चुकवली. मग नागोठण्यापर्यंत एसटी आणि पुढे रिक्षा. रिक्षावाला अडीचशे म्हणाला, दोनशेत आला.

"निडीला काय बघायचं हाय, ताई?"

"आंबे."

"आता? आंब्याला टाईम हाय अजून!" तो वाटभर हसत होता.

बाग डोंगराच्या पायथ्याशी, जेमतेम पंधरा झाडांची. विहिरीजवळचं सगळ्यात मोठं झाड सासऱ्यांनी लावलेलं. गेल्या वसंतात त्याच झाडावरच्या केशरी फुलांच्या झुबक्यांचा फोटो मी या ब्लॉगवर टाकला होता, आठवत असेल. 'कोकणातला वसंत याहून देखणा नसेल' असं काहीबाही लिहिलं होतं. तुम्ही भरभरून कौतुक केलंत, मीही हुरळले होते.

"भाभी, यंदा तर दुप्पट फुललंय!" मी लांबूनच ओरडले.

करवत घेऊन उभे असलेले सखारामदादा, गावातली झाडं तेच साफ करतात, माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, आंब्याला असली फुलं कधी बघितलीत? बांडगूळ हाय ते."

मला वाटलं होतं, कुठलीशी वेल चढलीय! दादांनी समजावलं. पाखरू त्याचं चिकट फळ खातं, चोच फांदीला पुसतं, बी तिथेच रुजतं आणि मूळ सालीत घुसतं. मग आंब्याचा रस प्यायचा आणि आपण फुलायचं. फुलं असताना ते चटकन ओळखू येतं, म्हणून फळं धरायच्या आत काढायचं. मी नीट वर बघितलं. झाडाचा मोठा भाग हिरवागार होता, पण त्यातलं आंब्याचं पान शोधावं लागत होतं.

"मग इतकी वर्षं का ठेवलंत, भाभी?"

"ह्यांनी हात लावू दिला नाय. दर शुक्रवारी व्हिडिओवर झाड बघतात. म्हणतात, मस्त हिरवं हाय, बाबांच्या झाडाची फांदी तोडायची नाय. गेल्या साली मी हट्टच धरला, तर तू काढलेला तो फुलांचा फोटो दाखवला मला. तिकडे खोलीत भिंतीला लावलाय. म्हणाले, पनवेलवाली एवढं कौतुक करते नि तू कापायला निघालीस?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दादांनी खोडाला हात लावून कपाळाला लावला, भाभी 'बिस्मिल्ला' म्हणाल्या आणि करवत चालली. "नुसतं बांडगूळ ओढून नाही का निघणार?" मी रडकुंडीला येऊन विचारलं. "मुळं आत ऱ्हातात. फांदीच जायला हवी." एकेक फांदी धाडकन खाली येत होती आणि मी दरवेळी दचकत होते. दुपारपर्यंत त्या एवढ्या झाडाच्या तीन फांद्या उरल्या. जखमांना बुरशी लागू नये म्हणून आम्ही त्यांवर मोरचूद-चुन्याची निळसर बोर्डो पेस्ट फासली. बाई गं, झाड बघवत नव्हतं.

"आता सांगायला हवं," म्हणत भाभींनी कुवेतला व्हिडिओ लावला आणि फोन माझ्या हातात दिला. इम्तियाजभाईंनी झाड बघितलं. "अल्ला! बाबांचं झाड तोडलं?"

मी तोडलेली फांदी कॅमेऱ्यासमोर धरली. सुजलेला सांधा, त्यापुढे वाळलेली आंब्याची काडी. "भाई, तो फोटो आंब्याचा नव्हताच. माझं चुकलं. भाभी बरोबर सांगत होत्या."

त्यांनी फोनच बंद केला.

भाभींनी मला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. स्वतः मात्र भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसून राहिल्या.

घरी येऊन आठवडा झाला. तो फोटो मी काढून टाकला नाही, त्याखाली 'हे बांडगूळ आहे, तुमच्या झाडावर दिसलं तर काढा' असं लिहिलं. माझी अक्कलही तिथे सगळ्यांना दिसू दे.

काल भाभींचा फोन आला. इम्तियाजभाई सहा दिवस गप्प होते, सातव्या दिवशी एवढंच बोलले, "फोनवर सगळंच हिरवं दिसतं गो. मे महिन्यात येतो, माझ्या डोळ्यांनी बघतो."

"आणि झाड?" मी घाबरतच विचारलं.

"सोळा कैऱ्या ऱ्हायल्यात," भाभी म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ मोजते."