चुनाभट्टीपाशी सापडला

बळवंत राऊत कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या गोदीत एकतीस वर्षं पाईप जोडत होता. कामाबद्दल विचारलं तर एकच सांगायचा, "मी जोडलेला सांधा कधी गळला नाही." निवृत्त झाला तरी सवय गेली नाही. रॉजर लव्हीनने चर्चमधल्या जुन्या दफन-नोंदी वाचायचं काम त्याच्या गळ्यात घातलं, तेव्हाही त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि एकही ओळ सोडली नाही.

रॉजर गोदीतला त्याचा जुना सोबती, वेल्डर. आता डोळे गेल्यात जमा. त्याचा पूर्वज एतिएन हा ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधला प्रॉटेस्टंट. तिथे धर्मापायी छळ झाला म्हणून तो देश सोडून इथे आला आणि चुनाभट्टीवर राबला. म्हातारपणी त्याला भ्रम झाला. एका हिवाळ्यात फ्रान्सला परत जायचं म्हणून निघाला आणि समुद्रात बुडाला, असं रॉजरची आजी सांगायची. खरं काय ते आपण असेपर्यंत कळावं, एवढंच रॉजरला हवं होतं.

ही गोष्ट निघाली की बळवंत घड्याळ बघायचा. त्याची बायको वीणा दोन वर्षांपासून एकेक गोष्ट विसरत चालली होती. ऑक्टोबरात ती खाडीपलीकडच्या डार्टमथला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर सापडली. माहेरच्या रेवसची लाँच येईल म्हणून उभी होती. "मला घरी जायचंय," एवढंच म्हणत होती. तेव्हा निदान थंडी नव्हती. आता फेब्रुवारी होता, बाहेर उणे चौदा. बळवंतने दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशी कडी बसवली होती. तरी झोपेत त्याचा एक कान दाराकडेच असायचा. मंगळवारी दुपारी तेवढा तो दोन तास बाहेर पडायचा. तेही बेसमेंटमध्ये राहणारी अनुया, नाशिकहून शिकायला आलेली मुलगी, वीणापाशी बसायची म्हणून.

त्या मंगळवारी वाचन १७८८ सालापर्यंत आलं होतं.

"हळू वाच, बल," रॉजर म्हणाला.

"याहून हळू वाचलं तर आपलीच नावं यात येतील."

रॉजर हसला. पुढच्याच पानावर बळवंतचं बोट थांबलं.

"मिळाला. ऐक. 'एतिएन लव्हीन, चुनाभट्टीचा कामगार, वय सुमारे सत्तर. किनाऱ्याला तीन दिवस शोधला. चुनाभट्टीपाशी सापडला.' बस, एवढंच."

"म्हणजे बुडाला नाही?"

"नाही. कामावर गेला होता."

"आणि सगळे समुद्राकडे शोधत बसले," रॉजर पुटपुटला.

तेवढ्यात फोन वाजला. अनुया रडत होती.

"काका, काकी नाहीयेत! मी दोन मिनिटं वॉशरूमला गेले होते. कडी माझ्याकडून उघडीच राहिली. आय ॲम सो सॉरी, काका. पोलिसांना कॉल केलाय, ते फेरीकडे निघालेत. मी पण तिकडेच जाते."

"कोट?"

"खुंटीवरच आहे."

बळवंत टोपी न घालताच बाहेर पडला. पळाला मात्र नाही. बर्फावर पळणारा माणूस पडतो, आणि पडलेला माणूस कुणाला शोधू शकत नाही. पाय सपाट टाकत तो उताराने फेरीकडे निघाला. कोटाशिवाय माणूस किती वेळ टिकतो, हा हिशेब डोक्यातून जाईना. कोपऱ्यावर तो थांबला आणि त्याने फोन लावला.

"अनुया, निघालीस का? पायात काय घालून गेली ते बघ."

"दारातच आहे. विंटर बूट इथेच आहेत... ते काळे नाहीयेत. रबरी तळाचे, जुने, कपाटातले."

ते बूट बळवंतला चांगलेच माहीत होते. वीणा एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. तिथली फरशी कायम ओली. ते बूट ती फक्त तिथेच घालायची, साध्या ग्रोसरीलासुद्धा कधी घातले नाहीत.

फेरी खाली, हॉस्पिटल वर. चुकलं तर दोन्हीकडे पोचायला वेळ नव्हता. त्याने चढाकडे तोंड वळवलं.

"तू फेरीवर जा. मी हॉस्पिटलकडे जातो."

"तिकडे कशाला, काका?"

त्याने फोन खिशात टाकला आणि चढ चढायला लागला.

लाँड्री बंद होऊन आठ वर्षं झाली होती. मागचं करडं दार तेवढं उरलं होतं. दारापाशी कुणीच नव्हतं. त्याने दार ढकलून बघितलं, कुलूप होतं. भिंतीला हात टेकून तो उभा राहिला. आपण उलट्या दिशेला आलो, आपल्या हट्टापायी ती गेली, असं त्याला वाटलं.

"अहो, दार उघडा की!"

आवाज कोपऱ्यापलीकडून आला. तिथे भिंतीतल्या जाळीतून गरम हवा बाहेर येत होती. तिला पाठ लावून, हात काखेत घालून वीणा उभी होती. ओठ निळे पडले होते.

"कुणी आत घेत नाही. आज माझी गैरहजेरी लागणार," ती म्हणाली. "आणि तुम्ही इथे कसे? गोदीत शिफ्ट नाही?"

त्याने आपला कोट तिला घातला. 'घरी चल' हे शब्द ओठांवर आले होते, ते त्याने गिळले. ऑक्टोबरात घराचं नाव काढल्यावर तिने त्याचा हात झिडकारला होता.

"शिफ्ट संपली, वीणा. चल."

ती दाराकडे बघत राहिली. "चादरी सगळ्या झाल्या?"

"झाल्या."

"तुम्ही बघितल्यात?"

"बघितल्या. एकही राहिली नाही."

तेव्हा कुठे तिने त्याच्या हातात हात दिला. बोटं लाकडासारखी झाली होती. इमर्जन्सीचं दार वळणावरच होतं. त्याने आधी तिला तिथे नेलं, मग अनुयाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी वीणाला घरी आणल्यावर बळवंतने दाराजवळ एक पुठ्ठा ठोकला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'वीणा दिसली नाही तर आधी लाँड्रीचं मागचं दार बघा. मग फेरी.' तिसरी जागा लिहायला त्याने पेन टेकवलं. बराच वेळ विचार केला. मग खालची ओळ कोरीच ठेवली, आणि कडीचा खिळा पुन्हा एकदा हलवून बघितला.