कोडमधला मासळीबाजार

"हा कोड हाय का मासळीबाजार?"

आमच्या टीम लीडनं मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर माझं काम उघडलं होतं. 'हाय' त्यानं मुद्दाम लांबवला. एरवी तो शुद्ध बोलायचा. मी दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली, माझी आय मासळी विकते, हे त्याला ठाऊक होतं. नोकरीला लागले तेव्हा मीच कौतुकानं सांगितलं होतं.

माझ्या जावा भाषेतल्या कोडमध्ये जागोजागी प्रिंटलाइन होत्या. प्रोग्राम इथवर आला, आता आत ही किंमत आहे, असं छापून घ्यायच्या ओळी. घरी कॉम्प्युटर नव्हता. मी प्रोग्राम वहीत लिहायचे, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये पाळी आली की या ओळींवरूनच चूक शोधायचे. प्रोग्राम मध्येच थांबवून आत बघायचा डिबगर मला कुणी दाखवलाच नव्हता. लीड म्हणाला, ओळीओळीला काय ओरडतेस, डिबगर शीक. शिकवला मात्र नाही. सगळी टीम हसली.

मीही हसले. आजही आठवलं की स्वतःची शिसारी येते.

त्याच दुपारी सगळ्यांबरोबर जेवायला बाहेर पडले. बेलापूरच्या नेहमीच्या कोपऱ्यावर आय मासळीची पाटी घेऊन बसलेली. मला बघून तिचा चेहरा फुलला. मी मोबाइल कानाला लावला आणि पुढं गेले. फोन आलाच नव्हता. संध्याकाळी घरी तिनं कालवणातला मोठा तुकडा माझ्या ताटात घातला. दुसऱ्या दिवसापासून ती जुईनगरला बसायला लागली. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक सोडून.

मी मुकाट डिबगर शिकले. ओळी काढल्या. बोलणंही घासूनपुसून शुद्ध केलं.

मग क्लायंटकडं चालू असलेली आमची सिस्टीम गोठायला लागली. लीड ती बंद करून परत चालू करायचा, की दोन-चार तासांनी पुन्हा तेच. लोकांची कामं चालू असताना डिबगर लावून ती थांबवता येत नाही. आणि त्याच्या स्वतःच्या मशीनवर तर सगळं नीट चालायचं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, बंद करायच्या आधी मला एक मिनिट द्या. जावाबरोबरच जेस्टॅक नावाचं छोटं साधन येतं. प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी कुठलं काम, म्हणजे कुठला थ्रेड, कुठल्या ओळीवर अडकलाय, ते लिहून देतं. दहा-दहा सेकंदांनी मी ते तीनदा चालवलं. कागदावर छापून घेतलं आणि कॉलेजात बसायचे तशी पेन्सिल घेऊन बसले. तिन्ही कागदांवर दोन थ्रेड जागचे हलले नव्हते. एकाला हवं ते माहितीवरचं कुलूप दुसऱ्यानं धरलेलं, दुसऱ्याला हवं ते पहिल्यानं. कोड बदलून दोघांनाही कुलपं एकाच क्रमानं घ्यायला लावली. सिस्टीम परत गोठली नाही.

क्लायंटला हे समजावून सांगायची मीटिंग ठरली. सुरू व्हायच्या आधी लीड म्हणाला, "मी सांगतो. तू माइक बंद ठेव. तुझा तो टोन बरा नाही वाटत."

याही वेळी हसले असते तर निभलं असतं. पण मला आयचा फुललेला चेहरा दिसला.

"मीच सोधलंय. मीच सांगनार हाय."

सांगितलं. तिन्ही कागद समोर धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यानंतर लीडनं मला धड काम दिलेलं नाही. न देवो.

त्या संध्याकाळी जुईनगरला गेले. ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच ठेवून आयशेजारी फुटपाथवर बसले. ती घाबरली. पदरानं माझं कार्ड झाकत म्हणाली, "तुजी ऑफिसातली लोकं बगतील. जा घरी."

हे मी केलंय. लीडनं नाही, मी. कितीही कोड लिहिला तरी हे भरून येणार नाही.

टीममध्ये नवीन पोरं येतात, प्रिंटलाइन टाकत. मी त्यांच्याशेजारी बसते, डिबगर दाखवते, जेस्टॅक दाखवते. माझ्या बोलीत. आणि पुन्हा कुणी कोडला मासळीबाजार म्हटलं तर मी हसणार नाही. माझा माइक चालू असेल. माझी आय मासळी विकते, म्हणेन. आता बोला.