बिनपाण्याचं इंजिन

आधीच सांगतो, आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. आजोबांनी धर्मांतरानंतर घरातले देव गोदावरीत सोडले. देवच ठेवले नाहीत तिथं भुतं कुठून आणायची? त्यात मी मेकॅनिकल इंजिनियर. असले अनुभव मी जेवता जेवता वाचायचो आणि खो खो हसायचो. आज स्वतःच लिहून राहिलो, आणि लिहिताना भीती नाही, रागच येतोय... बहुतेक स्वतःचाच.

माझे वडील, म्हणजे बाबा, ड्रायव्हर होते. आयुष्यभर ट्रक चालवला आणि दुष्काळ पडल्यावर उमरी तालुक्यात एका कंत्राटदाराकडं पाण्याच्या टँकरवर लागले. त्यांचा एक नेम होता. सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरचं पाणी पाहायचं, मगच चहा. सीटजवळ पाच लिटरचा निळा कॅन कायम भरलेला. माय म्हणायची, "गाडीला पाजल्याबिगर ह्या माणसाच्या घशाखाली घोट उतरत न्हाई." अख्ख्या नोकरीत त्यांच्या हातून एकही इंजिन गेलं नव्हतं, आणि तेवढाच काय तो त्यांचा अभिमान. दुसरं होतं काय म्हणा त्यांच्याकडं!

मी तेव्हा विष्णुपुरीला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही तिथंच दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मला लॅपटॉपवर विमानांच्या लढाईचा सिम्युलेटर खेळायचा नाद. दुसऱ्या महायुद्धातली फायटर विमानं, पाण्यानं थंड होणारं इंजिन. रेडिएटरला गोळी लागली की पांढरा धूर सुटतो, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि चार मिनिटांत इंजिन जाम. बाबांनी हा खेळ एकदाच पाहिला. खाटेवर बसून बराच वेळ बघत होते. धूर दिसला तसे म्हणाले, "रेस सोड की रे! पाणी चाललं तिचं. पळवू नको, लेकरागत घरी ने."

"बाबा, काही करा, चारच मिनिटं," मी म्हणालो. "प्रोग्रामच तसा आहे."

"असंल," ते म्हणाले. "पर रेस सोड."

त्याच वर्षी मे महिन्यात ते टँकर घेऊन एका वस्तीवर चालले होते. अर्ध्या वाटेत रेडिएटरचा पाइप फुटला. निळ्या कॅनमधलं ओतलं, तेही रस्त्यावर वाहून गेलं. पाठीशी हजारो लिटर पाणी, पण फुटक्या पाइपात ओतून करायचं काय? आणि ते पाणी वस्तीचं. तिथं तीन दिवस टँकर पोचला नव्हता. फोनला रेंज नाही. बाबांनी ठरवलं, जायचंच. रेस नावापुरती, उताराला न्यूट्रल, थांबून इंजिन गार करायचं, की पुन्हा थोडं पुढं. असे अकरा किलोमीटर. वस्तीवर शेवटचा हंडा भरून झाला आणि परत निघताना इंजिन सीज झालं.

दुसऱ्या दिवशी मालकानं बोलावलं. मीही सोबत गेलो. ऑफिसात चारपाच जण बसून नव्या जिल्ह्याच्या गप्पा हाणत होते. उदगीर होणार की किनवट, कलेक्टर कचेरी कुठं बसणार... प्यायला पाणी नाही आणि ह्यांना जिल्हे पाहिजेत!

बाबांनी घडलं ते सांगितलं. मालक हसला. "अकरा किलोमीटर? कुणाला येड्यात काढून राहिला रे? पाणी आधीच कमी होतं. वस्तीपाशी गाडी तापली अन् पाइप फुटला. सकाळी पाणी पाह्यलंच नसशील तू."

बाबांचा चेहरा उतरला. "मालक, मला कामावरून काढा. पर सकाळी पाणी पाह्यलं न्हाई, असं म्हणू नका."

मालक माझ्याकडं वळला. "तुम्ही इंजिनियर होऊन राहिले ना? मग तुम्हीच सांगा साहेब. बिनपाण्याचं इंजिन अकरा किलोमीटर चालतं का?"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. चार माणसांत कुणी पहिल्यांदाच मला साहेब म्हटलं होतं. मी म्हणालो, "नाही."

बस्स, एवढंच. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. स्टँडवर आल्यावर म्हणाले, "उसाचा रस पितो का?" मी प्यालोसुद्धा. लाज नाही माणसाला.

त्यानंतर त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. दिवाळीनंतर अटॅक आला आणि गेले. माफी मागायची राहूनच गेली. मागू मागू म्हणत राहिलो, दुसरं काय.

पुढचा उन्हाळा तर आणखी वाईट. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. लातूरची मावशी फोनवर सांगायची, "पाहुण्यागत येतं बाई पाणी, दोन घडी थांबतं." आमच्याकडंही टँकरच होता. त्या सकाळी मी रांगेत उभं राहून बाबांचा निळा कॅन काठोकाठ भरला, झाकण घट्ट लावलं आणि खोलीत कोपऱ्यात ठेवला. घरात पिण्याचं पाणी तेवढंच होतं.

भर दुपारी वीज गेलेली. माय शेजारी गेली होती. मी आतून कडी लावून, हेडफोन घालून खेळायला बसलो. थोड्या वेळात रेडिएटरला गोळी लागली. पांढरा धूर. एरवी मी फुल रेस देऊन धावपट्टीकडं पळायचो आणि वाटेतच पडायचो. त्या दिवशी काय झालं देव जाणे (बघा, देवाचं नाव आलंच तोंडात!), मी रेस सोडली. लढाई सोडून दिली, नाक किंचित खाली, उतारानं निघालो.

काटा लाल पट्ट्यात गेला. चार मिनिटं झाली. पाच. नऊ... इंजिन चालूच. आणि मग हेडफोनमध्ये गुडगुड असा आवाज यायला लागला. कॅन उपडा केल्यावर येतो ना, तसा. मी हेडफोन काढला, तरी आवाज येतच होता. तापलेल्या लोखंडावर पाणी पडल्याचा वास खोलीभर पसरला. काटा थरथरला आणि हळूहळू खाली आला. एकोणिसाव्या मिनिटाला चाकं धावपट्टीला टेकली. विमान थांबलं, आणि मगच इंजिन जाम झालं. गालावरनं पाणी चाललंय, हे तेव्हा मला कळलं.

तेवढ्यात मायनं कडी वाजवली. आत येताच म्हणाली, "पाणी दे रे, घसा सुकला."

मी कॅन उचलला... तो हातात अलगद आला. रिकामा. झाकण घट्ट, फरशी कोरडी ठणठणीत.

मायनं हात लावून पाहिला. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सकाळी भरला व्हता का पर तू?"

"माय, माझ्या हातानं भरला! शपथ!"

तिनं कॅन कोपऱ्यात जागेवर ठेवला. "त्यायनीबी असंच सांगितलं व्हतं," म्हणाली, आणि तांब्या घेऊन शेजारी पाणी मागायला गेली.

पुढं उन्हाळाभर मी तसंच करून पाहिलं. रेस सोडायची, नाक खाली, सगळं तसंच. चार मिनिटं, फार तर साडेचार. पुन्हा कधी काटा खाली आला नाही. मालकाला फोन केला आणि म्हणालो, "चालतं हो, बिनपाण्याचं इंजिन चालतं." त्याला मी कोण तेही आठवेना.

स्पष्टीकरण माझ्याकडं आजही नाही. आता तुम्ही म्हणाल, गेममध्ये बिघाड असेल, उन्हानं भास झाला असेल. म्हणा. मला येडा म्हणा, खोटारडा म्हणा. पण सकाळी कॅन भरलाच नव्हता, असं तेवढं म्हणू नका.