गजभियेकाकांचा बिनमाशांचा टँक

गजभियेकाकांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं, खुर्ची फिश टँकसमोर सरकवली, टँकमधला दिवा लावला आणि आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशा आवाजात म्हणाले, "बघा."

मी बघितलं. खाली करडे खडे, मधे दोन वनस्पती, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारी नळी. मासे काही दिसेनात. लपले असतील म्हणून मी मान एका बाजूला वाकडी केली, मग दुसऱ्या बाजूला केली, शेवटी खुर्चीवरून उतरून गुडघ्यांवर आलो. यजमानाचं मन मोडू नये एवढे संस्कार माझ्यावर होते. म्हणालो, "छान आहेत हो. तो नारंगी तर फारच चपळ दिसतो."

"कोण?"

"मासा."

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मासे अजून यायचेत. सध्या पाणी बघा."

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दिल्लीच्या मयूर विहारमध्ये सोसायट्यांच्या इमारती उगवत होत्या आणि माणसं मात्र यायची होती. आमच्या इमारतीत संध्याकाळी मोजके दिवे लागत. एक माझा, एक खालच्या मजल्यावर काकांचा, एक सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढाजी यांचा. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, सरकारी खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. सोसायटीचे मेंबर झाले तेव्हा त्यांची मुलगी पाळण्यात होती. फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा ती लग्न होऊन बंगलोरला पोचली होती. किल्ली हातात आली त्या दिवशी काकांनी मोठ्या प्रेमाने स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळ आधी खोकला, मग त्यातून गंज आला, मग एक पाल आली, आणि पुढे कित्येक दिवस काहीच आलं नाही.

त्या नळातून काकांचं तत्त्वज्ञान आलं. "पझेशन देणं सोपं असतं," ते म्हणत. "आत राहायची सोय आधी पाहिजे. माझ्या माशांना मी असलं पझेशन देणार नाही." टँकबरोबर एक पत्रक मिळालं होतं, त्यात लिहिलं होतं की पाणी तयार झाल्याशिवाय मासे सोडू नयेत. पाणी किती दिवसांत तयार होतं, ते लिहिलेलं नव्हतं. काकांसारख्या माणसाच्या हातात असलं पत्रक द्यायलाच नको होतं.

कारण थांबणं ही काकांची कला होती. इतर लोक रांगेत नाइलाजाने उभे राहतात. काका रांग दिसली की आधी तिच्यात उभे राहत आणि ती कशाची आहे ते मग विचारत. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत राहत असताना एकदा ते असेच एका रांगेत शिरले आणि पुढे सरकत सरकत एका अनोळखी माणसाच्या शोकसभेत पोचले. परत फिरणं बरं दिसेना. त्यांनी फूल वाहिलं आणि त्या गृहस्थांच्या पत्नीला धीर दिला, "सब ठीक हो जाएगा, बहनजी. थोड़ा टाइम लगेगा." त्या बाई नंतर कितीतरी दिवस मैत्रिणींना विचारत होत्या की ते समजूतदार गृहस्थ कोण.

ह्या माणसाशी संसार केला होता काकूंनी. त्यांची गोष्ट वेगळी होती. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये दारं दिवसभर उघडी असत. शेजारची तमिळ बाई न विचारता डब्यातली साखर घेऊन जाई आणि काकू न विचारता तिच्याकडची कढीपत्त्याची डहाळी तोडून आणत. इथे समोरच्या दाराला कुलूप, वरच्या मजल्यावर मी, तोही दिवसभर ऑफिसात. "अरे, फ्रिज सुरू होतो आणि बंद होतो," त्या मला म्हणाल्या होत्या, "तेवढीच सोबत." तो टँक काकांनी त्यांच्यासाठीच आणला होता. सोबत म्हणून. आणि आता त्या सोबतीच्या पाण्यासमोर त्यांना बसवून ठेवलं होतं.

थोड्याच दिवसांत पाणी दुधासारखं गढूळ झालं. कोणीही ओतून दिलं असतं. काकांनी मला वरून बोलावून आणलं. "बघा, पाणी विचार करतंय." काही दिवसांनी ते आपोआप नितळ झालं. काका म्हणाले, "झाला निर्णय." मी आशेने विचारलं, "मग आणायचे मासे?" "छे. नुसता निर्णय झालाय. अंमलबजावणी बाकी आहे."

चड्ढाजींना हे सहन होईना. ते सेक्रेटरी होते आणि जोडीला फ्लॅट विकून देण्याचा धंदाही करत. "गजभियेजी, पानी तो पानी होता है. इसमें सोचना क्या?" असं म्हणून ते दुप्पट मोठा टँक घेऊन आले आणि त्याच दिवशी त्यात पिशवीभर मासे ओतले. मग त्यांच्या घरी रोज एक अंत्यविधी होऊ लागला. पण धंद्यात माणूस हुशार. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की त्याला खाली अंगणात उभं करून काकांच्या खिडकीतला निळसर उजेड दाखवत आणि म्हणत, "देखिए जी, फिश टैंक वाली फ़ैमिलीज़ रहती हैं यहाँ." गिऱ्हाइकाला वर नेत नसत.

पावसाळा सरला. काकू दर वर्षी दसऱ्याला नागपूरला जात; दीक्षाभूमीवर जायचं आणि चार दिवस बहिणीकडे राहायचं. त्या वर्षी काका तिकिटं काढायला निघाले तर त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "माझं एकीकडचंच काढा."

"परतीचं?"

"इकडे परत यायचं काहून? घरात हलणारं काही असेल तर येईन. नाहीतर बहिणीकडे बरी आहे मी. तिच्याकडे कोंबड्या आहेत."

काका वर माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाई झालेली मी पाहिली आणि ती त्यांना मुळीच येत नव्हती. एकाच चपलेत जिना चढले होते. "पाणी तयार आहे की नाही माहीत नाही," ते म्हणाले. "नसलं आणि मासे तिच्या डोळ्यांदेखत मेले, तर ती चालली. मासे आणलेच नाहीत, तरी चालली. काय करू?"

"आणा," मी म्हणालो.

जामा मशिदीजवळच्या बाजारातून आम्ही सहा गप्पी मासे आणले. परतीच्या बसमध्ये काका प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून उभे राहिले. जागा मिळूनही बसले नाहीत. धक्के गुडघ्यात जिरवायचे होते. ड्रायव्हरला त्यांनी इतक्या अजिजीने सांगितलं, "भाईसाहब, अंदर बच्चे हैं," की तो यमुनेच्या पुलावरून बैलगाडीसारखा गेला. मागून कोणीतरी ओरडलं तर कंडक्टरने त्यालाच झापलं, "अबे, दिखता नहीं, मछली बैठी है?"

घरी आल्यावर पिशवी तशीच टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होतं, हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी ठेवली. चहा झाला. पिशवी तरंगतच होती. काकूंनी भाजी चिरली, कुकर लावला, शिट्ट्या झाल्या. काका पिशवीजवळ हात नेत आणि मागे घेत.

"अहो," काकू म्हणाल्या, "मुलीचं लग्न होऊन गेलं, आता नातवाचं होईपर्यंत पिशवीतच ठेवता का?"

"अगं, एकदा सोडले की सोडले."

काकूंनी कात्री घेतली, रबरबँड कापला आणि पिशवी उलटी केली. काकांनी डोळे मिटून घेतले. मग काकू म्हणाल्या, "उघडा डोळे. फिरताहेत."

सहाच्या सहा जगले. काकू नागपूरला गेल्या आणि आल्या. परत येईपर्यंत पिल्लंही झाली होती. काका तर महापुरुषच झाले. इमारत भरत होती, घरोघरी टँक येत होते, आणि नवा मेंबर आधी काकांकडे पाठवला जाई. काका सांगत, "पानी को टाइम दीजिए." लोकांनी दिला. एक काळ असा आला की आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर दिवे लावलेले, बुडबुडे सोडणारे, एकही मासा नसलेले टँक होते आणि सभ्य, शिकलेली कुटुंबं संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून पाणी बघत होती. महिनोन्महिने थांबून त्यांनी मासे सोडले आणि ते सगळे मेले. लोक तक्रार घेऊन आले की काका खेदाने मान हलवत. "जल्दी कर दी आपने."

काका गेले तेव्हा मी दुसरीकडे राहायला गेलो होतो. शोकसभेला पोचलो तर लिफ्ट बंद आणि जिन्यात खालपर्यंत रांग. माझ्या मागच्या अनोळखी माणसाने विचारलं, "भाईसाहब, ये लाइन किस चीज़ की है?" मी त्याला पुढे उभं केलं. त्याचा मान पहिला होता.

लोक पांगल्यावर काकूंनी टँकचं झाकण उचललं आणि चिमूटभर खाणं आत टाकलं. तोवर मीही मासे पाळून, मारून, पुस्तकं वाचून थोडा शहाणा झालो होतो. नुसतं थांबून पाणी कधीच तयार होत नाही. आत काहीतरी खाल्लं जावं लागतं, कुजावं लागतं. मग डोळ्यांना न दिसणारे जीव वस्तीला येतात आणि ते पाणी राहण्याजोगं करतात. काकांच्या नितळ, रिकाम्या टँकमध्ये ते कुठून आले, हे कोडं मला सुटलं नव्हतं. मी काकूंना विचारलं.

"मी टाकत होते की," त्या म्हणाल्या. "खाण्याचा डबा टँकबरोबरच आला होता. हे फिरायला गेले की रोज चिमूटभर. कोणी यायचं असलं की आपण आधीच थोडा भात लावून ठेवतो, तसं. शिवाय रिकाम्या पाण्याकडे बघत दिवसभर बसायचं, तर काहीतरी द्यावंसं वाटतंच ना."

म्हणजे मी गुडघ्यांवर बसून ज्या टँकमध्ये कोणी नसताना मासा दिसतो म्हणून खोटं बोललो, त्यात मंडळी राहायला आलेली होती. काकू त्यांनाच जेवू घालत होत्या.

"काकांना कधी सांगितलं नाहीत?"

"वेड लागलंय का?" काकू झाकण लावत म्हणाल्या. "त्यांनी सगळं पाणी ओतून दिलं असतं आणि पुन्हा पहिल्यापासून थांबले असते."