बाजेचे तीन पाय

अहेरीचा पत्रू फोटोवाला लग्नात वऱ्हाडी मंडळींवर खेकसायचा, "हलू नका" म्हणून. सत्तावन्नच्या एप्रिलात मात्र हलण्याची धास्ती त्यालाच पडली.

आकाशात शेपटीचा तारा आला होता. त्याची माय रुखमाबाई हिला वीतभर अंतरापलीकडचं दिसेनासं झालं होतं, आणि ती रोज विचारायची, "अजून हाय का रे? लग्नाच्या साली तुह्या बापासंग पाह्यला होता. तवापासून दुसरा नाई पाह्यला." बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. तारा रोज फिका पडत चालला होता आणि पत्रूजवळ रात्री चालेल अशी फोटोची काच एकच उरली होती. फोटो नाकाशी धरला तर मायला दिसेल, एवढीच त्याची आस.

गावात झाडं आडवी येत, म्हणून गावाबाहेर जायचं होतं. दुकानातला कॅमेऱ्याचा स्टँड सायकलवर मावेना. मग या पठ्ठ्याने मायची जुनी बाज मोडली. तिचे तीन पाय, तिचाच सुंभ, वर डब्याच्या पत्र्याची बैठक, की झाला स्टँड. गाठी अंधारात जमाव्यात म्हणून त्याने डोळे मिटून तीनदा बांधून पाहिल्या.

"मी भुईवर निजीन," माय म्हणाली. "तू तारा आण."

अस्वलं मोहाखाली येतात म्हणून तो मुद्दाम झाडांपासून दूर, उघड्या खडकावर गेला. टेंभा आणि आगपेटी जवळ ठेवली, स्टँड बांधून कॅमेरा बसवला, भिंगावरचं झाकण काढलं आणि मोजू लागला. तारा काचेवर उमटायला एकशेऐंशी मोजायचे होते.

नव्वदला मागे फुसफुस झाली. अस्वल थेट स्टँडकडे आलं आणि सुंभ हुंगू लागलं. तेव्हा पत्रूला उमगलं. माय जन्मभर त्याच बाजेवर मोहफुलं वाळवत आली होती. शहाण्याने मोहाची झाडं टाळली आणि मोहाचा वास सायकलला बांधून आणला.

टेंभा पेटवला तर उजेडाने काच वाया. हात आगपेटीवर गेला आणि तिथंच थांबला. ओठ मोजतच राहिले. एकशेदहाला अस्वलाने स्टँडच्या पायाला ढुशी दिली. कॅमेरा कलला, पण गाठी सुटल्या नाहीत. सुंभ चाटून, पोटाला काही मिळेना म्हणून ते निघून गेलं. एकशेऐंशीला पत्रूने झाकण लावलं आणि तो खडकावर बसून रडला.

दुकानात काच धुऊन फोटो काढल्यावर त्याने कपाळावर हात मारला. ढुशीने तारा दोनदा उमटला होता.

"बिघडला, माय," ओशाळून त्याने फोटो तिच्या हाती दिला.

रुखमाबाईने तो नाकाशी धरून बराच वेळ पाहिला.

"काऊन बिघडला? दोन हायेत ना. एक हा आताचा. अन् एक तुह्या बापासंगचा."