खिरापत ओळखेपर्यंत

"पोरीले बाहेर काढा म्हणून राहिलो ना मी!"

काकूंच्या फाटकाचा कोयंडा गदागदा हलवत माझ्या आत्याचा नवरा ओरडत होता. तो आवाज प्रताप नगरातून निघून थेट काटोलपर्यंत गेला असणार, कारण त्याच आठवड्यात तिकडं संत्र्याच्या झाडांखाली कच्च्या फळांचा सडा पडला आणि शेतकी खात्याच्या साहेबांनाही कारण सापडलं नाही. मला सापडलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

मी आत, पुढच्या खोलीत, मातीच्या भुलाबाई-भुलोजीसमोर मांडी घालून बसले होते. काकू दारातच पाटावर बसल्या होत्या, अगदी उंबऱ्याला चिकटून. त्यांच्या मांडीवर झाकणाचा पितळी डबा होता. काकू आमच्या समोरच्या घरात राहायच्या. नात्यानं माझ्या कोणीच नव्हत्या. त्यांना ओलांडून आत यायचं तर माणसाला उडता आलं पाहिजे, असा त्यांचा आकार होता आणि तसाच स्वभाव.

मी त्यांच्या घरात का होते ते सांगते. आमचं गाव नरखेड तालुक्यात. तिथली शाळा चौथीला संपायची, म्हणून बाबांनी मला शिकायला नागपुरात त्यांच्या बहिणीकडं ठेवलं. आत्याचा नवरा गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. सगळं नगर त्याला सर म्हणायचं. तो रस्त्यानं निघाला की लोक बसल्या जागी उठून उभे राहायचे. नागपूरच्या मे महिन्यात कावळेसुद्धा उडायचं सोडून भिंतीच्या सावलीनं पायी जातात, पण माझी आत्या मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी घालायची. घरातला चामडी पट्टा फक्त पँटसाठी नव्हता, हे लोकांना त्या बाह्यांवरून कळायला हवं होतं. कळलं नाही. सरांबद्दल असं काही कळून घ्यायची कोणाची तयारी नव्हती.

आणि मी? मी त्या नगरातली पहिल्या नंबरची थापाडी. आमच्या गावच्या बागेतला वाघ विहिरीवर येतो, स्वतः मोटर सुरू करतो, पाणी पितो आणि जाताना आठवणीनं बंद करतो, असं मी भर वर्गात सांगितलं होतं. बाईंनी छडी दिली. त्यावर मी मैत्रिणींना सांगितलं की छडी मोडली आणि तिचा अर्धा तुकडा सीताबर्डीवर जाऊन पडला. अशा पोरीचा शब्द एका पारड्यात आणि सरांचा दुसऱ्यात. कोण वर जाणार, हे सांगायला गणिताचे सर लागत नाहीत.

आमच्याकडं भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा आणून खुळखुळवते. आत काय खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, असं विचारत विचारत. हीच खिरापत. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही, आणि झाकण उघडल्याशिवाय कोणी उठत नाही. ओळखली की खाऊ हातात आणि ज्या त्या घरी.

माझं नाक त्या काळी असं तेज होतं की गुळपापडीचा वास मला पचमढीहून यायचा. पहिल्या वर्षी मी डबा यायच्या आधीच ओळखून मोकळी व्हायचे. दुसऱ्या वर्षी मात्र माझं काही जमेना. दुसरी कोणी बरोबर उत्तराच्या जवळ आली की मी मध्येच तोंड घालायचे. उंटाच्या दुधाचे पेढे? पोपटाच्या डोहाळजेवणाचे लाडू? पोरी हसून लोळायच्या, आणि डबा बंदच राहायचा. चार दिवस त्या हसल्या. मग चिमटे काढायला लागल्या, कारण त्यांना घरी जायचं होतं.

एका संध्याकाळी काकूंकडं करंज्या होत्या. दुपारभर मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून नारळ खोवला होता, माझ्या बोटांना अजून खोबऱ्याचा वास होता. आणि गाणी झाल्यावर मी म्हटलं, "भाजणीचे वडे?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच झाकण उघडलं, सगळ्यांच्या हातावर करंज्या ठेवल्या, पोरींना फाटकापर्यंत पोचवून आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"घरी काहून जायचं नाही वं तुले?"

मी भुलाबाईकडं बघत म्हटलं, "आत्या झोपली का ते माह्या अंथरुणात येतात."

काकू उठल्या. तांदळाच्या डब्यातून माझ्यापुरते अजून मूठभर काढून सुपात टाकले आणि निवडायला बसल्या. मला खोदून काही विचारलं नाही, पुन्हा सांग म्हटलं नाही. पोरीला ताप आहे, आज इथंच झोपेल, असा निरोप आत्याकडं धाडला. काका, म्हणजे त्यांचे यजमान, वीज मंडळात होते आणि लग्नापासून त्यांनी जेमतेम एक पानभर वाक्यं बोलली असतील. काकूंनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. सकाळी ते ऑफिसला न जाता नरखेडच्या एसटीत बसले.

आणि त्या संध्याकाळी हे फाटक हलत होतं.

काकूंनी आवाज चढवला नाही. भुलाबाई बसली आहे, पोरगी खिरापतीले बसली आहे, आणि तिनं अजून ओळखली नाही, एवढंच त्या सांगत होत्या. ओळखल्याशिवाय पोर उठवणं आमच्यात चालत नाही, म्हणाल्या. शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्या होत्या. त्यांनी माना डोलावल्या. बरोबर आहे, देवीसमोरून पोर उठवत नाहीत.

सर फाटकावरूनच म्हणाले, "शंकरपाळे! झालं? उठवा तिले."

"पुरुषानं ओळखलेलं मोजत नाहीत, सर," काकू म्हणाल्या.

बाया फिसकन हसल्या. त्या नगरात सरांना कोणी हसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. सर लाल झाले, मग जांभळे, मग असा एक रंग आला की तो अजून कोणत्या साडीत निघालेला नाही. मी आतून एकेक नाव घेत होते. चिवडा? गुलगुले? वाळूचे अनारसे? काकू डबा खुळखुळवून म्हणायच्या, नाही. जगातली सगळी पक्वान्नं संपली तरी त्या नाहीच म्हणाल्या असत्या. डब्यात काकांचा अडकित्ता होता, दुसरं काही नव्हतं.

मला हसू येत नव्हतं. फाटक उघडलं तर आजची रात्र कुठं जाईल, ते मला माहीत होतं. आणि बाबा आले, तर ते कोणाचं ऐकतील, ते माहीत नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला बाबा आले, पुढं काका, मागं ते. काकांनी वाटेत सगळं सांगितलं असावं, कारण बाबांचा चेहरा पिळून काढलेल्या उसाच्या चोयट्यासारखा झाला होता. सरांनी त्यांना तिथंच गाठलं. तुमची पोरगी काय चीज आहे ते तुम्हालेच माहीत, म्हणाले, विहिरीवर वाघ मोटर चालवतो म्हणते. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला तो वाघ दिसला. जन्मात पहिल्यांदा वाटलं, मेला असता तर बरं.

"मी तिच्या तोंडून ऐकलं आहे," काकू बाबांना म्हणाल्या. "मी खरं मानते. तुम्ही काय मानायचं ते माना, पण पोरगी त्या घरात जाणार नाही."

मग बायांच्या गर्दीतून माझी आत्या आली. काकांनी वरून हात घालून फाटकाची कडी काढली, ती आत शिरली, काकूंनी तिच्यापुरते गुडघे बाजूला केले, आणि ती माझ्या शेजारी पोरी बसायच्या त्या जागी येऊन बसली. तिनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. हात भुलाबाईच्या दिव्यासमोर धरले.

"दादा," ती म्हणाली, "मलेही घेऊन चाल."

बाबांनी त्या हातांवरचे वळ पाहिले. मग काकांसोबत आत आले आणि फाटकाला आतून कडी घातली. सर बाहेर राहिले.

पोलीस ठाण्यात जायचं तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आज आलं पाहिजे, आणि मी प्रत्येकीला तेच सांगते. काकूंनी त्यांच्या परीनं केलं. हळदीकुंकवाच्या निमित्तानं त्या घराघरांत गेल्या, आयांना स्वयंपाकघरात नेऊन बोलल्या, आणि दिवाळीपर्यंत सरांच्या शिकवणीत नुसत्या सतरंज्या उरल्या. दोन घरांत काकूंचं बोलणं संपायच्या आधीच पोरी रडायला लागल्या होत्या. मग सर नगर सोडून गेले. कुठं, ते मला माहीत नाही, आणि त्यावर मी आजवर एकही थाप रचलेली नाही.

आत्या गावी गेली. लोक बोलले, ती त्यांच्यापेक्षा जास्त जगली, अर्ध्या बाह्यांची पोलकी घालून. मी मॅट्रिकपर्यंत काकूंकडंच राहिले. त्या दोन घरच्या पोरीही शाळेतून आधी काकूंकडं यायच्या. काकू त्यांच्यापुढं शेंगा टाकायच्या सोलायला, आणि पोरींना बोलायचं असलं तर शेंगा सोलता सोलता बोलायच्या. नसलं तर शेंगा होत्याच. नंतर मी बाई झाले, शाळेत. सुटीची घंटा झाली आणि एखादं पोर दप्तर भरायला फार वेळ लावायला लागलं, की मीसुद्धा फळा पुसायला फार वेळ लावते. हे मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही. ते त्या उंबऱ्यावरचं आहे.

त्या वर्षी कोजागिरीला भुलाबाई तळ्यात शिरवून आम्ही दोघी परत येत होतो. काकूंच्या काखेत रिकामा पाट होता. मी विचारलं, काकू, सारं नगर मला थापाडी म्हणते, माझा बापही क्षणभर अडला, मग तुम्ही कसं लगेच खरं मानलं?

काकूंनी पाट या काखेतून त्या काखेत घेतला.

"थापा तू लांब मारतं," त्या म्हणाल्या. "ते तू एका दमात सांगितलं."